पेलेल तेच धनुष्य

धनुष्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती जनकाची सभा. मोठमोठे राजे येतात, मिशांना पीळ देतात, शिवधनुष्याला हात घालतात आणि घाम पुशीत माघारी जातात. आपल्याकडच्या कीर्तनकारांचा रावण तर त्या धनुष्याखाली सापडून गयावया करू लागतो आणि श्रोते पोट धरधरून हसतात. मग कोवळा राम उठतो आणि पुढचे सर्वांना ठाऊकच आहे. ह्या कथेने आपल्या मनात एक समजूत कायमची रुजवून ठेवली आहे : धनुष्य जितके जड, तितका धनुर्धर थोर. आजही कोणी आवाक्याबाहेरचे काम अंगावर घेतले, की त्याने शिवधनुष्य उचलले असेच आपण म्हणतो.

कथेपुरते हे ठीक आहे. परंतु ज्यांचे पोट किंवा प्राण खरोखरच धनुष्यावर अवलंबून होते अशा माणसांचा इतिहास चाळून पाहिला, तर तेथे निराळाच धडा मिळतो. शहाणा धनुर्धर कोण, तर आपल्याला पेलेल तेच धनुष्य निवडणारा. गाठीला बेताचा पैसा असणाऱ्याने तर हा धडा पक्का ध्यानात ठेवावा. न पेलणारे धनुष्य श्रीमंताला एकदा खर्चात पाडते, गरिबाला दोनदा पाडते. आणि शिकारीच्या बाबतीत तर त्याची खरी किंमत तिसऱ्यालाच मोजावी लागते. तो तिसरा म्हणजे समोरचे मुके जनावर.

शिकारीचे नाव काढताच काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बांध घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ बंदच केली. आपल्या रानांची झालेली दशा पाहता ते योग्यच झाले. अमेरिकेची रीत वेगळी आहे. तेथे परवाना, ठरलेला हंगाम आणि ठरलेली संख्या ह्या तीन कुंपणांच्या आत शिकार चालते. मौज अशी, की आपल्याकडे कायदा झाला त्याच १९७२ साली तेथेही एक कायदा झाला आणि धनुष्य-बाणांवर शेकडा ११ कर बसवून तो पैसा वन्य प्राण्यांच्या रक्षणाकडे वळवण्यात आला. आपल्याकडे आकाशकंदील लागतात त्याच सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तिकडच्या रानांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा हंगाम ऐन भरात येतो आणि लक्षावधी माणसे धनुष्ये घेऊन झाडांवर मचाणे बांधून बसतात. त्यांपैकी बहुतेकांच्या हातात असते ते 'कंपाउंड' धनुष्य. हा शब्द ऐकून आपल्याला बंगल्याभोवतीची भिंत आठवेल. पण येथे त्याचा अर्थ संयुक्त, म्हणजे कप्प्या आणि दोऱ्या जोडून केलेले धनुष्य. असे पहिले धनुष्य घ्यायला निघालेल्या बेताच्या मिळकतीच्या माणसाने काय पाहावे, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला थेट पंधराव्या शतकातल्या इंग्लंडात जावे लागते.

त्या काळी इंग्लंडचे लष्करी बळ होते ते तेथल्या शेतकऱ्यांच्या लांब धनुष्यात. राजालाही ह्याची जाणीव होती. धनुष्ये महाग झाली म्हणून लोक नेमबाजी सोडून नको त्या खेळांच्या नादी लागतात, अशी तक्रार झाल्यावर चौथ्या एडवर्डच्या अमदानीत १४८२ साली कायदाच झाला, की लांब धनुष्य ३ शिलिंग ४ पेन्सपेक्षा अधिक किमतीला विकायचे नाही. म्हणजे ४० पेन्स. मोहिमेवरच्या तिरंदाजाला त्या शतकात रोज ६ पेन्स मिळत; तेव्हा धनुष्याची कमाल किंमत झाली त्याच्या सात दिवसांच्या कमाईहूनही थोडी कमी. सामान्य माणसाला परवडेल तरच धनुष्य देशाच्या उपयोगी पडेल, एवढे त्या राज्यकर्त्यांना कळत होते.

ह्याच काळात लेस्टरशायर परगण्यातल्या एका कुळवाड्याच्या घरी ह्यू लॅटिमर नावाचा मुलगा वाढत होता. बापाची स्वतःची जमीन नव्हती. खंडाने केलेली शेती, शंभर मेंढ्यांना पुरेल एवढे कुरण आणि आई दूध काढी त्या तीस गाई, असा तो संसार. मुलगा पुढे शिकून बिशप झाला आणि १५५५ साली धर्ममतांपायी ऑक्सफर्डला जिवंत जाळला गेला. परंतु त्याआधी, १५४९ साली, बालराजा सहाव्या एडवर्डपुढे प्रवचन करताना त्याने आपल्या बापाची एक आठवण सांगितली होती. बापाने त्याला नुसत्या दंडाच्या जोरावर नव्हे, तर सगळे अंग धनुष्यात घालून ते ओढायला शिकवले. आणि वयाच्या व ताकदीच्या मानाने त्याच्यासाठी धनुष्ये विकत घेतली. मुलगा वाढत गेला तसतशी धनुष्येही मोठी होत गेली.

ह्या साध्या आठवणीत धनुष्य-निवडीचे सारे शास्त्र सामावलेले आहे. 'मेरी रोझ' नावाची इंग्रज युद्धनौका १५४५ साली बुडाली आणि १९८२ साली तिचा सांगाडा समुद्रातून वर काढण्यात आला. तिच्यात पावणेदोनशेच्या आसपास धनुष्ये सापडली. ती ओढायला १०० ते १८० पौंडांचे, म्हणजे ४५ ते ८० किलोंचे बळ लागत असावे असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. आपण थक्क होतो. पण ती ओढणारी माणसे काही जन्मतः भीम नव्हती. सात-आठ वर्षांच्या पोराच्या हातात छोटे धनुष्य देऊन, दरसाल थोडे वाढवीत वाढवीत ती घडवलेली होती. जड धनुष्य ही सुरुवात नव्हती. तो शेवट होता.

पुढे बंदूक आली आणि धनुष्य अडगळीत गेले. शिकारीच्या धनुष्याला अमेरिकेत नवा जन्म मिळाला, त्यामागे मात्र एक करुण कथा आहे. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी, कत्तलखान्याच्या आवारात, उपासमारीने खंगलेला एक माणूस सापडला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी यही नावाच्या टोळीची कत्तल केली होती. त्या टोळीचा हा शेवटचा उरलेला माणूस. आपल्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. ह्याच्या लोकांत स्वतःचेच नाव उच्चारायची रीत नव्हती. म्हणून मानवशास्त्रज्ञ अल्फ्रेड क्रोबर ह्यांनी त्याला 'इशी' म्हटले. त्याच्या भाषेत इशी म्हणजे नुसता 'माणूस'.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ-संग्रहालयात इशी राहू लागला आणि शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. सॅक्स्टन पोप त्याचे मित्र व शिष्य झाले. इशीचे धनुष्य केवढे असावे? चाळीस-पंचेचाळीस पौंडांच्या आसपासचे. 'मेरी रोझ'वरच्या धनुष्यांपुढे ते खेळणेच वाटले असते. परंतु इशी त्यावर हरणे मारीत आला होता. त्याची सगळी करामत होती जनावराच्या जवळ जाण्यात. वारा कोणीकडचा आहे हे पाहणे, अंगाला वास येऊ न देणे, ओठांवर बोटे लावून संकटात सापडलेल्या सशासारखा आवाज काढणे आणि दगडासारखे बसून राहणे. १९१६ साली क्षयाने इशी वारला. पोप ह्यांनी १९२३ साली धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि ते वाचून अमेरिकन तरुणांत ही विद्या पसरत गेली. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने कोलंबिया व सॉक ह्या दोन परगण्यांत केवळ धनुष्यासाठी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला. आधुनिक अमेरिकेतला असा तो पहिलाच.

आता कंपाउंड धनुष्याचा जन्म. साध्या धनुष्याची एक खोड अशी, की दोरी जसजशी मागे ओढावी तसतसा तिचा ताण वाढत जातो आणि नेम धरण्याच्या नेमक्या क्षणी तो सर्वांत जास्त असतो. हात थरथरतो, मन घाई करते, बाण सुटतो आणि चुकतो. मिसुरी राज्यातला होलेस विल्बर अॅलन हा धनुष्याने शिकार करणारा एक हरहुन्नरी माणूस. बाण अधिक वेगाने जावा ह्या ध्यासापायी त्याने एका धनुष्याची दोन्ही टोके कापून तेथे कप्प्या बसवल्या आणि त्यांवरून दोरी फिरवली. विहिरीवरची कप्पी आपल्या परिचयाची आहे. पण अॅलनच्या कप्पीचा आस मध्यभागी नव्हता, एका कडेला होता. त्यामुळे दोरी ओढताना मधल्या टप्प्यात जोर लागतो आणि शेवटी ताण एकाएकी उतरतो. पाण्याने भरलेला हंडा उचलताना जड, पण एकदा डोक्यावरच्या चुंबळीवर बसला की बाई सहज चालू लागते. तसाच हा प्रकार. अॅलनने १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि ३० डिसेंबर १९६९ रोजी त्याला पेटंट मिळाले. जुन्या वळणाच्या धनुर्धरांनी नाके मुरडली. हे धनुष्य नव्हे, यंत्र आहे असे म्हटले. परंतु कॅलिफोर्नियातला धनुष्ये करणारा टॉम जेनिंग्ज ह्याने त्यातले मर्म ओळखून कारखानदारी सुरू केली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हे यंत्र घरोघर पोचले. अॅलन १९७९ साली मोटार अपघातात वारला.

आजच्या कंपाउंड धनुष्यात शेवटचा ताण शेकडा ८०, क्वचित ८५-९० इतकाही उतरतो. म्हणजे ६० पौंडांचे धनुष्य पुरते ओढल्यावर हातावर भार राहतो तो अवघा १२ पौंडांचा, साडेपाच किलोंचा. आणि नवशिका फसतो तो नेमका येथेच. शेवटी बाराच पौंड धरायचे, मग सत्तर पौंडांचेच का घेऊ नये, असे त्याला वाटते. दुकानात, उबेत, चार लोकांच्या देखत, कसेबसे ते ओढलेही जाते. परंतु मधला चढ प्रत्येक वेळी चढावाच लागतो. पहाटेची थंडी, मचाणावर दोन तास आखडून बसलेले अंग, जाड कपडे आणि पंधरा पावलांवर कान टवकारून उभे असलेले हरीण, अशा वेळी धनुष्य आभाळाकडे उचलून, हिसके देऊन ओढावे लागले, तर हरीण पळून तरी जाते किंवा, त्याहून वाईट, बाण भलत्या ठिकाणी लागतो. बंदुकीची गोळी हादऱ्याने मारते. बाण मारतो तो रक्तस्रावाने. धारदार पात्याचा बाण फुप्फुसांतून गेला तर हरीण काही क्षणांत कोसळते. तोच पोटात किंवा मांडीत लागला तर ते बिचारे रानात तासन् तास तडफडते आणि कित्येकदा सापडतही नाही. जड धनुष्याच्या हौसेची किंमत ती ही. शिवधनुष्याची जुनी समजूत यंत्राच्या रूपाने पुन्हा आली ती अशी.

तेव्हा पहिली कसोटी ताणाची. बसल्या जागी, धनुष्य निशाणाच्या दिशेने समोर धरून, वर न उचलता सावकाश ओढता आले पाहिजे आणि तसेच अर्धा मिनिट स्थिर धरता आले पाहिजे. अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांनी हरणासाठी किमान ताण ठरवून दिला आहे. कोठे तो ३० पौंड आहे, कोठे ४०. इशीचे धनुष्य आठवावे. पन्नास पौंडांचा नीट लागलेला बाण सत्तर पौंडांच्या भरकटलेल्या बाणाहून शतपटीने बरा.

दुसरी कसोटी लांबीची. दोरी किती मागे यायची त्या अंतराला आपण खेच म्हणू. साध्या धनुष्यात ती हातानुसार कमीजास्त होते. कंपाउंडमध्ये ती यंत्रानेच ठरवलेली असते. म्हणून ते शिंप्याने माप घेतल्याप्रमाणे अंगाला बसावे लागते. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. ७० इंच असेल तर खेच २८ इंचांची. ती जास्त झाली तर सुटलेली दोरी कोपराखाली सपकन लागते आणि नेम बिघडतो.

तिसरी कसोटी डोळ्याची, आणि ती घरबसल्या मुलांनाही करून पाहता येईल. दोन्ही तळव्यांचा एक लहान झरोका करून त्यातून दूरचा आकाशकंदील दोन्ही डोळ्यांनी पाहावा; मग एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना कंदील झरोक्यातच राहतो तो आपला बळकट डोळा. उजखोऱ्या माणसाचाही डावा डोळा बळकट असू शकतो. अशाने नवे धनुष्य घेण्यापूर्वीच डाव्या हाताच्या धनुष्याचा विचार केलेला बरा.

आता किमतीकडे वळू. नामांकित कंपन्यांची सर्वांत नवी धनुष्ये हजार-बाराशे डॉलरांच्या पुढेच असतात. आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो वेग. सेकंदाला ३४० फूट! परंतु तो आकडा बहुधा ७० पौंड ताण, ३० इंच खेच आणि ३५० ग्रेनचा हलका बाण ह्या मापांवर काढलेला असतो. खेच एका इंचाने कमी झाली की वेग सुमारे दहा फुटांनी उतरतो. पन्नास पौंडांच्या, सत्तावीस इंचांच्या माणसाच्या हाती तो वेग येतच नाही.

आणि आला तरी काय? वीस यार्डांवर, म्हणजे साठ फुटांवर, हरीण उभे आहे असे धरू. सेकंदाला ३०० फुटांचा बाण तेथे पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. दोरीचा आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो. तो सेकंदाच्या अठराव्या हिश्श्यातच हरणाच्या कानी पोचलेला असतो. बाणाचा वेग ३३० केला तर वेळ वाचतो तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. आवाजाच्या पुढे बाण कधीच जात नाही. म्हणजे ज्या वेगाच्या ध्यासाने अॅलनने कप्प्या बसवल्या तो वेग हे त्या यंत्राचे खरे देणे नव्हेच. खरे देणे आहे ते नेम धरण्याच्या क्षणी हाताला मिळणारी विश्रांती. आणि ती स्वस्त धनुष्यातही जवळजवळ तेवढीच मिळते.

बेताच्या पैशात मिळणाऱ्या धनुष्यांत एक जात अशी आहे, की तिचा ताण दहा-पंधरा पौंडांपासून सत्तर पौंडांपर्यंत आणि खेच कित्येक इंचांनी साध्या पान्याने कमीजास्त करता येते. नेम पाहण्याचे साधन, बाण टेकवण्याची जागा आणि भाता ह्यांसह असा संच साधारण साडेतीनशे ते पाचशे डॉलरांत येतो. सर्वांत वेगवान धनुष्यापेक्षा तो थोडा मंद असतो, एवढाच त्याचा उणेपणा. परंतु लॅटिमरच्या बापाला जे करण्यासाठी दर वर्षी नवे धनुष्य घ्यावे लागले, ते काम येथे एकाच धनुष्यात होते. चाळीस पौंडांवर सुरुवात करावी. अंगात बळ येईल तसा स्क्रू पिळावा. मुलगा मोठा होतो, त्याबरोबर धनुष्यही मोठे होते.

वाचलेला पैसा बाणांवर खर्चावा. बाण फार हलका असला तर सुटलेली शक्ती बाणात न जाता धनुष्यातच परत जाते; बाण न लावता रिकामी दोरी सोडली तर धनुष्य फुटूही शकते. दर पौंड ताणामागे निदान ५ ग्रेन वजन हवे, हा सर्वमान्य नियम. ग्रेन म्हणजे आपल्या सोनारांच्या गुंजेच्या साधारण निम्मे. शिकारीचा चांगला बाण ४०० ग्रेनच्या, सव्वादोन तोळ्यांच्या आसपास असतो. त्याचा ताठरपणा धनुष्याच्या ताणाला जुळलेला हवा आणि पाते वस्तऱ्यासारखे हवे. जुने, वापरलेले धनुष्य मिळाले तर तेही वाईट नाही. मात्र भुजांवर बारीक चिरा आहेत का हे कापसाचा बोळा फिरवून पाहावे. कापसाचा धागा अडकला की समजावे, येथे चीर आहे. दोऱ्या जुन्या असतील तर त्या बदलण्याचा खर्च किमतीत धरून मगच घासाघीस करावी.

शिकारीसाठी जन्मलेले हे यंत्र आता आपल्याकडेही रुळले आहे, पण हरणांशी वैर न धरता. १९९५ साली ते जागतिक स्पर्धांत आले. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे ही दोन मराठी मुले एकाच दिवशी कंपाउंड धनुष्याची जगज्जेती झाली. ओजसने अंतिम सामन्यात पंधरापैकी पंधरा बाण, पन्नास मीटरांवरून, आठ सेंटिमीटरांच्या वर्तुळात मारले. ह्या खेळात साठ पौंडांहून जड धनुष्य चालतच नाही; तेव्हा ताकदीची फुशारकी मारायला तेथे वाव नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही ह्या धनुष्याच्या मिश्र जोडीचा समावेश झाला आहे. तेव्हा उद्या एखाद्या मराठी घरात, मुलगी धनुष्य मागते आहे आणि पगार तर ठरलेला आहे, असा प्रश्न पडणे अशक्य नाही.

अशा आईबापांनी जाहिरातीतला वेग वाचू नये आणि शेजाऱ्याच्या मुलाकडे कोणते धनुष्य आहे तेही पाहू नये. शिंप्याची टेप घ्यावी, मुलीला हात पसरायला सांगावे आणि आज तिला हसत हसत ओढता येईल एवढ्यावरच थांबावे. पाचशे वर्षांपूर्वी शंभर मेंढ्यांच्या धन्याला जे कळले होते, ते आजही तितकेच खरे आहे.